लहान किचनसाठी भारीतला फ्रिज घ्यायचाय? लिटर नंतर बघा, आधी दाराचा फेरा मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: किचन साधारण ८ बाय ७ फूट, घरात दोन मोठी माणसं आणि एक शाळेत जाणारं मूल, फ्रिजची जागा कोपऱ्यात भिंतीला लागून. बजेटची फारशी अडचण नाही, एकदाच चांगला घ्यायचा आणि पुढची पंधरा वर्षं त्या विषयाकडे बघायचं नाही. ९० सेमीचा फ्रेंच डोअर, म्हणजे वर शेजारी-शेजारी दोन दारं असलेला, मनात भरलाय, पण कोणीतरी सांगितलं की लहान किचनला ६० सेमीचा बिल्ट-इन, म्हणजे कपाटात बसवायचा फ्रिजच बरा. आणि मुळात फ्रिजवर एवढे पैसे घालण्यात काही अर्थ आहे का, हेही विचारलंय.

मी आधी सहा वर्षं फ्रिज दुरुस्तीत होते, नंतरची चौदा वर्षं किचन प्लॅनिंग करतेय, त्यामुळे फ्रिज बसवतानाही बघते आणि तो पाच वर्षांनी कसा वागतो तेही मला माहितीय. दुरुस्तीच्या दिवसांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली ती अशी, की महागड्या फ्रिजच्या तक्रारींमध्ये मशीनचा दोष पुष्कळदा नसायचाच, दोष असायचा तो जागेचा. दार पूर्ण उघडत नाही, ड्रॉवर बाहेर येत नाही, कॉम्प्रेसर थांबतच नाही, समोर दोन माणसं उभी राहू शकत नाहीत. आणि या सगळ्या गोष्टी खरेदीच्या आधी एका संध्याकाळी टेप घेऊन बसलं तर कळतात. म्हणून तुमच्या प्रश्नात मला आधी जागेचा प्रश्न दिसतो, फ्रिजचा त्याच्यानंतर.

काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच ठरवायला लागतील. बाजारहाट एक दिवसाआड करता की आठवड्यातून एकदा, फ्रोझन सामान किती असतं, किचनला दार आहे की ते हॉललाच लागून आहे, उन्हाळ्यात किचन किती तापतं, आणि घर स्वतःचं आहे की भाड्याचं. भाड्याचं असेल तर बिल्ट-इनचा विचार सोडून द्या, ते कपाट तुमच्याबरोबर येणार नाही. बाकीची उत्तरं जशी असतील तसं माझं मतही थोडं बदलेल, ते पुढे जिथल्या तिथे सांगतेच.

आता मोजमाप. ८ बाय ७ फूट म्हणजे साधारण २४४ बाय २१३ सेमी. ओट्याची खोली बहुतेक ठिकाणी ६० सेमी धरतात. तुमचा ओटा समोरासमोर दोन्ही भिंतींना असेल तर मध्ये २१३ वजा १२०, म्हणजे ९३ सेमी उरतात. आता नेहमीचा सुटा उभा फ्रिज घ्या, त्याची खोली दार आणि हँडल धरून सहज ७५ सेमी जाते, म्हणजे तो ओट्याच्या रेषेच्या १५ सेमी पुढे येणार आणि समोर उरणार ७८. त्यात ६० सेमीचं दार उघडलं की दाराच्या टोकापासून समोरच्या ओट्यापर्यंत फक्त १८ सेमी. त्या दारासमोर माणूस उभाच राहू शकत नाही, बाजूला होऊन वाकून आत हात घालायला लागतो, आणि तेवढ्यात कोणी पाणी प्यायला आलं तर त्याला बाहेर थांबायला लागतं. हेच रोज वीस-पंचवीस वेळा होणार. शोरूममध्ये हे कधीच कळत नाही कारण तिथे फ्रिजसमोर मोकळं मैदान असतं.

हाच हिशोब फ्रेंच डोअरने केला तर चित्र बदलतं. ९० सेमीच्या फ्रिजला ४५-४५ ची दोन दारं, म्हणजे त्याच ७८ सेमीत ३३ उरतात, आणि ओट्याच्या खोलीइतका मॉडेल घेतला तर ९३ मधून ४५ जाऊन ४८. म्हणजे तुमची फ्रेंच डोअरची आवड काही चुकीची नाहीये, अरुंद जागेत अर्धं दार खरंच कामाचं असतं. अडचण दुसरीकडे आहे. २४४ सेमीच्या भिंतीतून ९० गेले की १५४ उरतात, ६० गेले तर १८४. हा ३० सेमीचा फरक म्हणजे चॉपिंग बोर्ड ठेवायची जागा. लहान किचनमध्ये ओट्याचा प्रत्येक वीत मोलाचा असतो आणि तो एकदा फ्रिजला दिला की परत मिळत नाही. शिवाय फ्रेंच डोअरला खाली फ्रीझरचा रुंद ड्रॉवर असतो, तो पूर्ण ओढला की जवळजवळ फ्रिजच्या आतल्या खोलीएवढा बाहेर येतो, त्यामुळे वरची दारं अरुंद असल्याचा फायदा फ्रीझर उघडताना संपतो.

ओटा एकाच भिंतीला असेल तर समोर १५३ सेमी मिळतात आणि मग यातलं बरंचसं सोपं होतं. म्हणून पहिलं काम हेच: तुमच्याकडे नक्की किती उरतात ते मोजा. मी कायम एकच पद्धत वापरते. दाराच्या रुंदीएवढी दोरी घ्यायची, एक टोक जमिनीवर बिजागरीच्या जागी दाबून धरायचं, दुसऱ्या टोकाला खडू बांधून फिरवायचा. दाराचा फेरा जमिनीवर उमटतो. फ्रिजच्या तळाचा चौकोनही खडूने काढा, खोली मोजताना हँडल धरूनच काढा. मग दोन दिवस ते पुसू नका, रोजची कामं करा आणि फेऱ्याच्या आत पाय किती वेळा जातो ते बघा.

कोपऱ्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला पाहिजे कारण तुमची जागा कोपऱ्यातच आहे. फ्रिज भिंतीला चिकटवला तर बिजागरीच्या बाजूचं दार ९० अंशांवर अडतं, कधी हँडलमुळे ९० पण होत नाही. बऱ्याच फ्रिजच्या आतले ड्रॉवर दार ९० च्या पुढे, ११०-११५ पर्यंत उघडलं तरच सरळ बाहेर येतात, कारण दाराची जाडी आणि आतले कप्पे वाटेत येतात. एका घरी मला तुटलेल्या ड्रॉवरसाठी बोलावलं होतं. फ्रिज उत्तम, दोन वर्षांचा, पण त्या बाई रोज भाजीचा ड्रॉवर तिरका करून, डावी बाजू वर उचलून, कप्प्याखालून काढायच्या. दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या प्लास्टिकवर बोटाएवढा लांब ओरखडा पडला होता, रोज तिथेच घासून घासून, आणि शेवटी रेलचा हुक तुटला. मी रेल बदलून दिली, पण खरा उपाय भिंत आणि फ्रिजच्या मध्ये ८-१० सेमीची फिलर पट्टी हाच होता आणि त्यासाठी शेजारचं कपाट कापायला लागलं असतं. तुमचं किचन अजून व्हायचं असेल तर ती पट्टी आत्ताच नकाशात टाका. जागा अगदीच नसेल तर बिजागरी आतल्या बाजूला घेऊन फ्रिजच्या स्वतःच्या रुंदीत दार उघडणारं मॉडेल शोधा, आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: दार ९० वर असताना सगळ्यात खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो का? मग तिथेच उघडून दाखवायला सांगा. फ्रेंच डोअर कोपऱ्यात लावला तर हाच त्रास होतो, भिंतीकडचं दार कमी उघडतं आणि आतला पूर्ण रुंदीचा ट्रे अडकतो.

आणि दार उघडतं त्या हँडलच्या बाजूला ओट्याची थोडी जागा हवीच. किचन डिझाईनमध्ये निदान ३८ सेमी धरतात. दूध, भाजीची पिशवी, गरम भांडं, काहीतरी टेकवायला लागतंच. बिजागरी कुठल्या बाजूला घ्यायची हे यावरून ठरतं. बऱ्याच सिंगल डोअर आणि बॉटम फ्रीझर मॉडेलना बाजू बदलता येते पण दारावर स्क्रीन किंवा डिस्पेन्सर असेल तर बहुधा नाही येत.

आता हवा. हा मुद्दा लोक हमखास सोडून देतात आणि मला सगळ्यात जास्त तळमळ याच गोष्टीची आहे. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, त्याचं काम एवढंच. बाहेर टाकायला वाट नसेल तर तीच गरम हवा त्याच्याभोवती साचते, कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालायला लागतं, वीज जास्त जाते आणि मशीनचं आयुष्य कमी होतं. पूर्वी मागे काळी जाळी दिसायची, आता पुष्कळ फ्रिजमध्ये ती उष्णता दोन्ही बाजूंच्या पत्र्यातून निघते, त्यामुळे बाजू कोमट लागतात आणि लोकांना वाटतं फ्रिज बिघडला. तो बिघडलेला नसतो, पण त्याला दोन्ही बाजूंना मॅन्युअलमध्ये लिहिलेली जागा हवी. ही जागा मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून मॅन्युअल खरेदीच्या आधी डाऊनलोड करा आणि इन्स्टॉलेशनचं पान सुताराच्या हातात द्या.

बिल्ट-इनचं गणित वेगळं असतं. त्यात हवा खालून, प्लिंथच्या म्हणजे कपाटाच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या जाळीतून आत जाते, मागच्या पोकळीतून वर चढते आणि वरून बाहेर पडते. युरोपियन पद्धतीच्या, ५६ सेमीच्या (ही कपाटाची आतली रुंदी) बिल्ट-इनला साधारण २०० चौरस सेमी एवढी मोकळी वाट खाली आणि तेवढीच वर मागतात. म्हणजे ५० सेमी लांब आणि ४ सेमी उंच एवढी फट, फार नाही. पण ही फटच बंद करून टाकतात. एका घरी नवीन फ्रिज, सहा महिने झालेले, आतलं दूध लवकर खराब होत होतं. मी ओट्याखाली हात घातला तर प्लिंथ एकसंध फळीची, जाळी नाहीच, आणि वर कपाट छतापर्यंत नेऊन सिलिकॉनने सील केलेलं, दिसायला फार सुंदर. बाजूच्या फळीवर तळहात ठेवला तर पाच सेकंदांच्या वर ठेववत नव्हता. प्लिंथ काढून ठेवली, वरच्या फळीला मागच्या बाजूने खाच पाडायला लावली, दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या ग्लासातलं पाणी ११ अंशांवरून ५ वर आलेलं. फ्रिजच्या एकाही स्क्रूला हात लावायला लागला नाही.

याच्याच बरोबर क्लायमेट क्लास बघा, आतल्या बाजूच्या प्लेटवर लिहिलेला असतो. एन म्हणजे आजूबाजूचं तापमान १६ ते ३२ अंश, एसटी म्हणजे १६ ते ३८, टी म्हणजे १६ ते ४३, आणि एसएन १० ते ३२. बंद किचनमध्ये, शेजारी शेगडी आणि ओव्हन चालू असताना, कपाटाच्या आतलं तापमान खोलीपेक्षा बरंच वर जातं. त्यामुळे गरम हवामानात राहत असाल तर टी असल्याशिवाय घेऊच नका, कितीही भारी ब्रँड असो. उलट कोणी जास्तीचा फ्रीझर थंड गच्चीत किंवा गॅरेजमध्ये ठेवणार असेल तर एसएन बघा, कारण १६ च्या खाली एन क्लासचा फ्रिज नीट वागेलच असं नाही. ओव्हनला खेटून फ्रिज लावू नका, अगदी नाइलाज असेल तर मध्ये इन्सुलेशनची फळी.

आता पैशांचा प्रश्न, भारीतल्या फ्रिजमध्ये नक्की मिळतं काय. माझ्या मते पैसे देण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे फ्रिज आणि फ्रीझरला वेगवेगळे इव्हॅपोरेटर, म्हणजे थंडावा देणाऱ्या वेगळ्या कॉईल. साध्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडावा देणारी कॉईल एकच, फ्रीझरमध्ये, शून्याच्या बरीच खाली, आणि तिथली हवा पंख्याने फ्रिजमध्ये ढकलतात. एवढ्या थंड कॉईलवर हवेतला ओलावा गोठून बसतो, म्हणून फ्रिजमध्ये येणारी हवा कोरडी असते, पालेभाजी दोन दिवसांत मान टाकते आणि फ्रीझरमधल्या माशाचा वास बर्फालाही लागतो आणि दुधालाही. वेगळे इव्हॅपोरेटर असले की फ्रिजची कॉईल तेवढी थंड व्हायची गरज नसते, ओलावा आत टिकतो, वास इकडून तिकडे जात नाही. काही कंपन्या तर दोन वेगळे कॉम्प्रेसर देतात, सब-झिरो त्याच्यासाठीच ओळखली जाते. एका कॉम्प्रेसरवर दोन इव्हॅपोरेटर असले तरी घरच्या वापराला पुरे होतं असं माझं मत. ब्रोशरमध्ये याला प्रत्येकाने आपापलं गोंडस नाव दिलेलं असतं, त्या नावावर जाऊ नका, सरळ विचारा की दोन्ही भागांची हवा एकमेकांत मिसळते का.

दुसरी गोष्ट शून्याच्या जवळचा ड्रॉवर. लिबहेर त्याला बायोफ्रेश म्हणते, बाकीच्यांची नावं वेगळी. शून्य अंशाच्या किंचित वर, मांस-मासे ठेवायला कोरडा आणि पालेभाजीला दमट, असे दोन कप्पे मिळतात. तुम्ही आठवड्याची भाजी एकदम आणत असाल तर हा ड्रॉवर पहिल्या महिन्यापासून फरक दाखवतो. रोज ताजं आणत असाल तर त्याच्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका, मनापासून सांगते. आणि सगळंच त्यात कोंबायचं नसतं, टोमॅटो, काकडी, केळी यांना एवढी थंडी बाधते, डाग पडतात आणि चव जाते.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हवाच, पण तो आता मधल्या किमतीतही मिळतो. तो एकदम चालू-बंद होण्याऐवजी गती कमी-जास्त करतो, म्हणून आतलं तापमान कमी हलतं आणि आवाजही कमी. आवाजाचा आकडा लहान घरात खूप महत्त्वाचा आहे, विशेषतः किचन हॉललाच जोडलेलं असेल तर. युरोपियन लेबलवर ३० डेसिबलच्या खाली ए, ३६ च्या खाली बी, ४२ च्या खाली सी, त्याच्या वर डी. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे ३२ आणि ४२ मध्ये रात्री पुष्कळ फरक पडतो.

तिसरी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही, भिंतीची जाडी. काही महाग मॉडेलमध्ये व्हॅक्यूम इन्सुलेशन पॅनल असतात, ते साध्या फोमपेक्षा बरेच पातळ राहून तेवढीच थंडी धरतात, म्हणजे बाहेरून तेवढाच फ्रिज आतून मोठा. जागा कमी असलेल्या माणसाने खरं तर यासाठी पैसे द्यावेत. म्हणून लिटर बघताना एकूण क्षमता वाचू नका, नेट म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता वाचा, आणि ती पण फ्रिज आणि फ्रीझरची वेगवेगळी.

वीजही अशीच नीट वाचायची. युरोपमध्ये मार्च २०२१ ला लेबल बदललं, जुनी ए प्लस प्लस प्लसची शिडी जाऊन नुसतं ए ते जी आलं, त्यामुळे नवा डी किंवा ई बघून घाबरू नका. पण अक्षर फ्रिजच्या आकाराच्या हिशोबात दिलेलं असतं, मोठ्या फ्रिजला चांगलं अक्षर मिळूनही तो लहानापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. वर्षाला किती युनिट हा आकडा लेबलवर असतो, तोच समोरासमोर ठेवा.

ज्याच्यावर मी पैसे घालणार नाही ते पटकन सांगते. दारावरची स्क्रीन, आतला कॅमेरा, टकटक केल्यावर उजळणारी काच. कॉम्प्रेसर पंधरा वर्षं चालेल, स्क्रीनचं सॉफ्टवेअर तेवढं चालणार नाही. दारातला बर्फ-पाण्याचा डिस्पेन्सर लहान किचनमध्ये तर मी नकोच म्हणते, आत जागा खातो, पाण्याची लाईन मागतो, फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायला लागतो, आणि माझ्या दुरुस्तीच्या काळात आईसमेकरसाठी जेवढे फोन यायचे तेवढे दुसऱ्या कशासाठीच नाही.

मग बिल्ट-इन की सुटा? ५६ सेमीच्या कपाटातला, १७८ सेमी उंचीचा बिल्ट-इन साधारण २५०-२७० लिटर नेट देतो. ६० सेमी रुंद, २ मीटर उंच सुटा फ्रिज ३३० ते ३७० देतो. म्हणजे जमिनीवर तेवढीच जागा अडवून बिल्ट-इन कमी देतो, कारण कपाटाच्या फळ्या आणि हवेची पोकळी त्यातच जाते. बदल्यात ओटा, कपाट, फ्रिज सगळं एका रेषेत येतं, आणि लहान किचनमध्ये ती सरळ रेष नुसती सौंदर्याची गोष्ट नसते, कोपर आणि गुडघा आपटत नाही. या दोन्हीच्या मधली वाट म्हणजे ओट्याच्या खोलीएवढा सुटा फ्रिज, शेजारी दोन उभ्या फळ्या लावून बसवलेला, आणि मला तुमच्यासाठी हाच पर्याय सगळ्यात जवळचा वाटतो. फक्त बाजूंची आणि वरची हवेची जागा धरून.

बिल्ट-इन घ्यायचाच असेल तर एक काळजी घ्या. ५६ बाय १७८ हे माप बहुतेक युरोपियन कंपन्यांमध्ये सारखं असतं, त्यामुळे पंधरा वर्षांनी दुसऱ्या कंपनीचा फ्रिज त्याच कपाटात बसतो. ७५ किंवा ९० च्या शाही कॉलमचं, म्हणजे नुसता फ्रिज किंवा नुसता फ्रीझर असलेल्या उंच युनिटचं, माप कंपनीगणिक वेगळं असू शकतं आणि मग फ्रिज गेला की कपाटही जातं. अरुंद कॉलम दोन शेजारी लावायचा कोणी सल्ला दिला, एक फ्रिज एक फ्रीझर, तर विचारा की मध्ये कंपनीचं जोडणी किट आणि हीटर आहे का, नाहीतर दोघांच्या मधल्या फटीत पाणी सुटतं. फ्रेंच डोअरच्या दोन दारांमधल्या पट्टीतही त्याच कारणासाठी छोटा हीटर असतो, तिथे कोमट लागलं तर ते बरोबरच आहे.

गॅसबद्दल लोक घाबरून विचारतात म्हणून सांगते. हल्लीचे घरगुती फ्रिज बहुतेक आर६००ए म्हणजे आयसोब्युटेनवर चालतात, तो ज्वलनशील आहे पण फार थोडा असतो. मॅन्युअलमध्ये ८ ग्रॅमला निदान १ घनमीटर खोली असा हिशोब दिलेला असतो. तुमचं किचन ९ फूट उंच धरलं तर साधारण १४ घनमीटर, म्हणजे ११० ग्रॅमपर्यंत निभावतं, आणि घरगुती फ्रिजमध्ये सहसा त्याहून कमीच भरलेला असतो. प्लेटवर आकडा असतो, एकदा बघून घ्या.

सर्व्हिसबद्दल खरेदीच्या आधीच चौकशी करा. भारीतला फ्रिज घेतला आणि तुमच्या गावात त्याचा प्रशिक्षित माणूसच नसेल तर एका सेन्सरसाठी महिना जातो. युरोपियन युनियनमध्ये २०२१ पासून नियम आहे की मॉडेल बंद झाल्यावरही सेन्सर आणि सर्किट बोर्डसारखे पार्ट निदान ७ वर्षं आणि दाराचं रबर १० वर्षं मिळालं पाहिजे. तुमच्या देशात असा नियम असो नसो, हेच दोन आकडे घेऊन विक्रेत्याला विचारा, लेखी घ्या. व्होल्टेज वरखाली होत असेल तर सर्ज प्रोटेक्शन लावा, इन्व्हर्टर मॉडेलमध्ये आधी बोर्डच जातो.

तर तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं: समोर १२० सेमीच्या आत जागा उरत असेल तर ६० सेमी रुंद, ओट्याच्या खोलीचा, उंच, बॉटम फ्रीझर, वेगळे इव्हॅपोरेटर, भिंतीकडे ८-१० सेमीची पट्टी. तिघांना ३००-३५० लिटर पुरतात असा माझा अनुभव, आठवड्यातून एकदा खरेदी धरून. फ्रोझन खूप असेल तर फ्रिज फक्त फ्रिज घ्या आणि एक छोटा फ्रीझर दुसऱ्या खोलीत ठेवा, तो दिवसातून एकदोनदाच उघडतो, त्याने किचनची जागा का अडवायची? समोर जागा १२० च्या पुढे असेल आणि ओटाही पुरेसा लांब राहत असेल तर तुमचा फ्रेंच डोअर घ्या, मी अडवणार नाही, फक्त ओट्याच्या खोलीचा घ्या आणि कोपरा सोडून.

ऑर्डर देण्याआधी इमारतीचं दार, लिफ्ट, जिन्याचं वळण आणि किचनचं दार मोजा, पॅकिंगसकट. मोठे कॉलम दीडदोनशे किलोच्या घरात जातात, ते वळणावर उभे करून फिरवता येत नाहीत. आणताना आडवा केला असेल तर उभा करून काही तास थांबा, कॉम्प्रेसरचं तेल खाली बसू द्या, मॅन्युअलमध्ये जेवढे लिहिलेत तेवढे. पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, दार आपोआप मिटतं. रबर नीट बसतंय का ते बघायला दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा, चारही बाजूंना तेवढाच ताण लागला पाहिजे.

मग फ्रिज ४ वर आणि फ्रीझर उणे १८ वर लावा, मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवा आणि त्यात साधा थर्मामीटर बुडवून रात्रभर राहू द्या. सकाळी दार पहिल्यांदा उघडाल तेव्हा लगेच वाचा. ४-५ दिसले तर सामान भरायला घ्या. ७-८ दिसले तर सर्व्हिसला फोन करायच्या आधी प्लिंथची जाळी आणि वरची फट उघडी आहे का ते बघा. आणि शक्य झालं तर मला तीन मापं कळवा: ओट्यांच्या मधली जागा, कोपऱ्यातल्या भिंतीपासून पहिल्या कपाटापर्यंतची रुंदी, आणि जमिनीपासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंतची उंची. त्यावरून दार कुठल्या बाजूने उघडायला हवं ते मी नक्की सांगू शकेन.